मेडिकलचा बॉण्ड नेमका काय असतो, आणि दहा लाखांचा आकडा का फसवतो

नीटचा निकाल लागला आणि सीईटी सेलचे, म्हणजे राज्याच्या प्रवेश कक्षाचे, राऊंड सुरू झाले की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगची भांडणं मागे पडतात आणि मेडिकलचा विषय सुरू होतो. कोणाच्या पोरीला कळव्याचं कॉलेज लागतंय, कोणाचा पोरगा अंबरनाथला जातोय, मग कोणीतरी नेरुळच्या नाहीतर कामोठ्याच्या प्रायव्हेट कॉलेजच्या फीचा आकडा टाकतं आणि पाच मिनिटं कोणीच काही बोलत नाही. आणि मग हमखास प्रश्न येतो, "सरकारी कॉलेजला बॉण्ड असतो म्हणे, दहा लाख भरावे लागतात का हो?" त्याखाली जितके लोक तितकी उत्तरं. एक म्हणतो पाच वर्षं खेड्यात डांबतात, दुसरा म्हणतो सगळं कागदावर असतं कोणी विचारत नाही, तिसरा म्हणतो त्यापेक्षा कर्ज काढा आणि प्रायव्हेटला टाका. या तिसऱ्याचं ऐकून कोणी हातातली सरकारी सीट सोडली तर डोक्याला हात लावायची वेळ येईल, म्हणून हे सगळं एकदा सोपं करून लिहिते.

मी डॉक्टर नाही. ठाण्यात टॅक्स रिटर्न आणि कर्जाच्या कागदपत्रांचं काम करते, एज्युकेशन लोनच्या निमित्ताने मेडिकलचे पालक येतात आणि फायलीत बॉण्डचा कागदही असतो, जो बहुतेकांनी सही करून टाकलेला असतो पण वाचलेला नसतो.

आधी मुळातलं: पैसे नक्की कोण भरतं?

सरकारी किंवा महापालिकेच्या मेडिकल कॉलेजची ट्यूशन फी वर्षाला साधारण लाख-दीड लाखाच्या घरात असते. खाजगी कॉलेजात तीच फी कितीतरी पट होते आणि अभिमत विद्यापीठात, म्हणजे डीम्डमध्ये, वर्षाला वीस लाखांच्या पुढे जाते. एमबीबीएस साडेचार वर्षांचं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप, तेव्हा गुणाकार तुम्हीच करा. आता सरकारी कॉलेजात डॉक्टर बनवायला खर्च कमी येतो का? नाही. प्रोफेसर लागतात, लॅब लागतात, शेकडो खाटांचं हॉस्पिटल लागतं. फरक एवढाच की तो खर्च दुसरं कोणीतरी उचलतं. कळव्याचं राजीव गांधी मेडिकल कॉलेज १९९२ पासून ठाणे महानगरपालिका चालवते, म्हणजे तिथल्या पोरांच्या शिक्षणात तुमच्या-माझ्या घरपट्टीचाही वाटा आहे.

मग सरकार म्हणतं की बाबा, आम्ही तुझ्यावर एवढा खर्च केला, डॉक्टर झालास की ठराविक काळ आम्ही सांगू तिथे काम कर. या लेखी कबुलीला बॉण्ड किंवा बंधपत्र म्हणतात. आपल्याकडे त्या कामाला सरकारी भाषेत सामाजिक उत्तरदायित्व सेवा असं लांबलचक नाव आहे, पण होस्टेलपासून मंत्रालयापर्यंत सगळे बॉण्डच म्हणतात, मीही तेच म्हणणार.

भिशी लावलेल्यांना हे लगेच कळेल. भिशीत पहिल्याच महिन्यात तुमचा नंबर लागला तर अख्खी रक्कम हातात येते आणि हप्ते मात्र नंतर भरत बसावे लागतात. सरकारी सीट म्हणजे पहिल्या नंबरची भिशी आहे, उचल आधी आणि हप्ता नंतर, फक्त इथे हप्ता पैशात नाही तर दिवसांत द्यायचा असतो. आणि उचल घेऊन गायब होणाऱ्या माणसाला भिशीत काय ऐकावं लागतं ते काही सांगायला नको.

महाराष्ट्रात नियम काय आहे

सरकारी आणि महापालिकेच्या कॉलेजातून एमबीबीएस केलं की एक वर्ष सेवा. पीजी म्हणजे एमडी किंवा एमएस केलं की त्याची वेगळी एक वर्ष सेवा. त्याच्या पुढचं सुपरस्पेशालिटी म्हणजे हृदय, मेंदू, किडनी वगैरेंचं शिक्षण, त्याचीही एक वर्ष. ही सेवा टाळली तर दंड, आणि अनेक वर्षं ऐकू येणारे आकडे असे आहेत: एमबीबीएसला १० लाख, पीजीला ५० लाख, सुपरस्पेशालिटीला २ कोटी. ऑल इंडिया कोट्यातून, म्हणजे देशभरासाठी राखलेल्या १५ टक्के जागांवर, बाहेरच्या राज्यातून आलेल्या पोरालाही बॉण्ड चुकत नाही, कारण तो जागेला चिकटलेला आहे, तुमच्या डोमिसाईलला नाही.

मग ग्रुपवर फिरणारी ती "पाच वर्षं खेड्यात" कुठून आली? तिला थोडा आधार आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने एका विधेयकाला मंजुरी दिली होती, ज्यात एमबीबीएसच्या १० टक्के आणि पीजीच्या २० टक्के जागा अशा ठेवायच्या होत्या की त्या घेणाऱ्याने अनुक्रमे पाच आणि सात वर्षं सरकारी सेवा करायची आणि शब्द मोडला तर अगदी तुरुंगवासापर्यंत शिक्षा. पेपरात हेडलाईन तेवढीच आली आणि लोकांच्या डोक्यात तेच राहिलं. पण ती कल्पना ठराविक वेगळ्या जागांपुरती होती, सरसकट सगळ्या विद्यार्थ्यांसाठी नव्हती.

अंबरनाथबद्दल पण विचारतात, नवीन कॉलेज आहे तर सूट असेल ना म्हणून. नाही हो. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात जी दहा नवीन सरकारी कॉलेजं एकदम सुरू झाली त्यातलं ते एक. कॉलेज नवीन असलं तरी सीट सरकारीच आहे.

"दहा लाख भरून मोकळं झालेलं बरं नाही का?"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि विचारणारा बहुतेक वेळा बापच असतो, तोही फ्लॅट विकून पैसे उभे करायच्या तयारीत. म्हणून आकडे मांडू.

बॉण्डचं वर्ष फुकट नसतं, त्याचं मानधन मिळतं. २०२० साली कोविडच्या काळात राज्य सरकारने बंधपत्रित डॉक्टरांचं मानधन वाढवलं तेव्हा एमबीबीएसवाल्याला आदिवासी भागात महिना ७५ हजार आणि इतर भागात ७० हजार, स्पेशालिस्टला ८५ आणि ८० हजार असं ठरलं होतं. महिना ७० हजार धरले तरी वर्षाचे ८ लाख ४० हजार होतात. म्हणजे दंड भरणारा माणूस १० लाख खिशातून घालवतो आणि वर हे ८ लाख ४० हजारही सोडतो. एकूण फरक अठरा लाखांच्या वर गेला. आता म्हणाल त्या वर्षात तो बाहेर कमवेल की. कमवेल, पण नुसत्या एमबीबीएसवर ठाण्यातल्या एखाद्या नर्सिंग होममध्ये रात्रपाळीचा आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, म्हणून लागला तर हातात बॉण्डपेक्षा फार जास्त पडेल असं मला तरी वाटत नाही.

दुसरं म्हणजे, दंड भरून सुटायचा रस्ता तुमच्या बॅचला उघडा असेलच हे गृहीत धरू नका. सरकारला डॉक्टर हवाय, दहा लाख नकोयत, आणि गेल्या काही वर्षांचा कल सगळा सेवा करूनच घ्यायची याकडे आहे. शेजारच्या दादाने २०१५ च्या बॅचला काय केलं यावर तुमचं ठरवू नका.

आणि आता त्या तिसऱ्या माणसाचं उत्तर, कर्ज काढून प्रायव्हेट. ५० लाखांचं कर्ज १० टक्के व्याजाने १० वर्षांत फेडायचं म्हटलं तर हप्ता महिन्याला साधारण ६६ हजार बसतो आणि शेवटी परतफेड ७९ लाखांच्या आसपास जाते, शिवाय शिक्षण चालू असताना चढलेलं व्याज वेगळंच. ६६ हजार म्हणजे बॉण्डवाल्या डॉक्टरचं जवळजवळ अख्खं मानधन. एका वर्षाचा बॉण्ड नको म्हणून दहा वर्षांचा बॉण्ड बँकेला लिहून द्यायचा, असला हा व्यवहार आहे. बँक काही त्याला बॉण्ड म्हणत नाही, पण नोकरी सोडावीशी वाटली, लग्नानंतर वर्षभर थांबावंसं वाटलं, गावी जाऊन छोटा दवाखाना टाकावासा वाटला, की तो हप्ता बरोबर आडवा येतो. प्रायव्हेटला जाऊच नये असं मी म्हणत नाही, सरकारी लागलंच नाही तर दुसरं काय करणार. पण लागलेलं बॉण्डच्या भीतीने सोडणं म्हणजे शुद्ध वेडेपणा आहे.

"ही वेठबिगारी झाली की!"

हे म्हणणं कोर्टातही मांडून झालंय. वेगवेगळ्या राज्यांच्या बॉण्डविरुद्ध डॉक्टर सुप्रीम कोर्टात गेले होते, १९ ऑगस्ट २०१९ ला निकाल आला, न्यायमूर्ती नागेश्वर राव आणि न्यायमूर्ती हेमंत गुप्ता यांचं खंडपीठ होतं. कोर्टाने बॉण्ड वैध ठरवला. थोडक्यात कारण असं की सरकार या शिक्षणावर मोठा खर्च करतं, अट प्रवेशाच्या वेळीच माहीत असते, आणि गरीब माणसाला उपचार मिळणं हाही हक्कच आहे. पण त्याच वेळी कोर्टाने केंद्राला आणि तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलला सुचवलं की प्रत्येक राज्याचा नियम वेगळा, दंड वेगळा हे काही बरोबर नाही, देशभर एकसारखं धोरण आणायचा विचार करा.

मला विचाराल तर कोर्टाचं म्हणणं पटतं, पण अर्धंच. करार म्हटला की दोन बाजू असतात. विद्यार्थ्याने मी येईन असं लिहून दिलं, मग सरकारनेही मी तुला वेळेवर पोस्टिंग देईन, राहायला धड क्वार्टर देईन, पगार महिन्याच्या महिन्याला देईन असं लिहून द्यायला नको का? तिकडे मात्र कागद कोरा. इंटर्नशिप संपवून ऑर्डरची वाट बघत घरी बसलेली पोरं मी बघितली आहेत, ना पगार ना काम, आणि बॉण्डचं वर्ष मोजायला सुरुवात होते ती जॉईन झालेल्या दिवसापासून. इथे भिशी चालवणाराच महिनोन्महिने वही उघडत नाही.

हरियाणात या मुद्द्यावरून पेटलं होतं

२०२० मध्ये हरियाणा सरकारने असा नियम आणला की एमबीबीएसच्या विद्यार्थ्याने वर्षाला १० लाखांप्रमाणे, त्यातून फी वजा करून, ४० लाखांचा बॉण्ड द्यायचा आणि सात वर्षं सरकारी सेवा करायची. २०२२ च्या शेवटी रोहतकच्या सरकारी कॉलेजातले विद्यार्थी त्याविरुद्ध रस्त्यावर आले, आंदोलन महिनाभराच्या वर चाललं. त्यांचा सवाल साधा होता, की आम्ही सेवेला तयार आहोत पण तुम्ही नोकरी देणार याची हमी कुठे आहे, आणि नोकरीच मिळाली नाही तर हे ४० लाख कशाचे? शेवटी सरकारने मुदत सातवरून पाच वर्षांवर आणि रक्कम ४० वरून ३० लाखांवर आणली. त्याच्या तुलनेत आपलं एक वर्ष आणि १० लाख म्हणजे फारच सौम्य प्रकरण आहे, हे ठाण्यात बसून कुरकुर करताना जरा लक्षात ठेवावं.

अमेरिकेत तर याहून कडक. तिथे नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर नावाची सरकारी योजना आहे, ती मेडिकलची फी भरते, वर खर्चाला पैसे देते, आणि जितकी वर्षं मदत घेतली तितकी वर्षं, कमीत कमी दोन, डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात काम करायचं. मोडलं तर घेतलेल्या पैशाच्या तिप्पट आणि वर व्याज. पण तिथे योजना घ्यायची की नाही हे विद्यार्थी ठरवतो. आपल्याकडे सरकारी सीट घेतली की बॉण्ड सोबत आलाच.

"नवखा पोरगा खेड्यात जाऊन करणार काय?"

डॉक्टर मंडळींचा हा खरा आक्षेप आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ठाणे म्हटलं की आपल्याला घोडबंदर रोड आणि विविआना मॉल आठवतो, पण याच जिल्ह्यात शहापूर आणि मुरबाड आहे, आणि २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत जव्हार-मोखाडाही ठाणे जिल्ह्यातच होतं. तिथे पहिला दवाखाना म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, पीएचसी. सरकारी निकषाने सपाट भागात ३० हजार लोकसंख्येला एक आणि आदिवासी-डोंगराळ भागात २० हजारांना एक. बॉण्डवाला एमबीबीएस बऱ्याचदा इथेच मेडिकल ऑफिसर म्हणून जातो.

आमच्याच बिल्डिंगमधला एक मुलगा अशा पीएचसीत होता. पावसाळ्यात एका रात्री दोनच्या सुमारास एका बाईला तिच्या भावाने मोटारसायकलवर मध्ये बसवून आणलं, जमिनीवर झोपली होती, काहीतरी चावलं म्हणाली, पण जखम दिसेना, सूज नाही, दुखतही फारसं नाही. कॉलेजात सर्पदंश म्हटलं की सुजलेला काळानिळा पाय डोक्यात बसलेला, इथे तसलं काहीच नाही. तो तिला सारखा वर बघायला सांगत होता आणि तिच्या पापण्या हळूहळू खाली येत होत्या. तेव्हा त्याला कळलं की मण्यार आहे. मण्यारचं विष नसांवर काम करतं, माणूस झोपल्यासारखा दिसतो आणि श्वास थांबत जातो. फ्रीजमधून सर्पविषाच्या लसीच्या दहा व्हायल काढल्या, प्रत्येक व्हायल पावडरची, पाणी घालून हळूहळू फिरवून विरघळवायची, जोरात हलवली की फेस होतो, आणि हे करायला तो आणि एकच नर्स. एकीकडे लस चढवत, एकीकडे १०८ ला फोन. ॲम्ब्युलन्स आली, तो हाताने श्वास द्यायची अंबू बॅग घेऊन स्वतः सोबत मोठ्या हॉस्पिटलपर्यंत गेला. बाई वाचली. हे सांगताना त्याचा सूर काही हिरोचा नव्हता, तो म्हणाला, "काकू, ती नर्स नसती तर मी पुस्तक उघडून बसलो असतो."

म्हणजे आक्षेप बरोबर आहे, नवख्याला एकट्याला सोडणं धोक्याचं आहे. पण ती जागा रिकामी ठेवणं कमी धोक्याचं आहे का? त्या रात्री पीएचसीला कुलूप असतं तर? आणि याच मुलाने हेही सांगितलं की असल्या रात्री क्वचित, बाकीचे दिवस लसीकरणाची सेशन्स, मीटिंगा, रिपोर्ट भरणं, पोस्टमॉर्टेम, आणि क्वार्टरच्या गळक्या छताखाली बादल्या ठेवणं यात जातात. शिकायला मिळतं, पण जे मिळेल असं वाटतं तेच मिळतं असं नाही.

सगळ्यांनाच पीएचसी मिळते असंही नाही बरं. ग्रामीण रुग्णालयं, उपजिल्हा रुग्णालयं, जिल्हा रुग्णालयं, खुद्द मेडिकल कॉलेजं, इथेही पोस्टिंग होतात, ऑनलाईन पसंतीक्रम भरायचा असतो. आणि पीजीवाल्यांसाठी जिल्हा रुग्णालयात तीन महिने काम करायची वेगळी अट राष्ट्रीय पातळीवर आहेच, डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी म्हणतात तिला, २०२० च्या नियमांतून आली. ती बॉण्ड नाही, अभ्यासक्रमाचा भाग आहे, दोन्हीची सरमिसळ करू नका.

खरी किंमत: कुठलं वर्ष जातं

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, ज्याबद्दल ग्रुपवर अवाक्षर नसतं. सगळे लाखांवर भांडतात. पण मेडिकलच्या पोराला पैशापेक्षा जास्त बोचतं ते वर्ष.

एमबीबीएसनंतर पीजीसाठी पुन्हा मोठी परीक्षा असते, नीट पीजी. नुसत्या एमबीबीएसवर आता कोणी थांबायला तयार नाही, त्यामुळे इंटर्नशिप संपल्यापासून पीजी लागेपर्यंतचा काळ म्हणजे अभ्यासाचा काळ. बॉण्डचं वर्ष नेमकं तिथेच येऊन बसतं. रोज शंभर-दीडशेची ओपीडी करून रात्री प्रश्न सोडवायचे, त्यात नेटवर्क नसेल तर ऑनलाईन लेक्चर डाऊनलोड करायला तालुक्याच्या गावी जायचं. काहींना हे जमतं, पगारातून क्लासची फी भरतात आणि पहिल्याच झटक्यात पीजी घेतात. काहींचं वर्ष जातं आणि मग पुढचंही जातं. दंडाचे १० लाख भरणारी पोरं खरं तर गाव टाळायला भरत नाहीत, हे वर्ष विकत घ्यायला भरतात. हे समजलं की त्यांचा राग येत नाही, पण ज्यांच्याकडे दहा लाख नाहीत त्यांचं काय हा प्रश्न उरतोच, आणि एकाच वर्गात बसलेल्या दोघांपैकी एकाला वर्ष विकत घेता यावं आणि दुसऱ्याला नाही हे मला बॉण्डमधलं सगळ्यात वाईट वाटतं.

पहिल्याच प्रयत्नात पीजी लागलं तर एमबीबीएसचा बॉण्ड पुढे ढकलता येतो का, हे त्या त्या वर्षाच्या नियमावर आहे. ढकलला तरी तो माफ झालेला नसतो, पुढे रांगेत उभा असतो, आणि एमडीनंतर त्याच्या मागे पीजीचा बॉण्डही येऊन उभा राहतो. तिशीला टेकलेला माणूस, लग्न झालेलं, एखादं लेकरू, आणि आता शासनाला एक वर्ष द्यायचंय. म्हणून ज्यांना जमतंय त्यांनी एमबीबीएसचं वर्ष तेव्हाच उरकावं असं माझं मत. तेवीस-चोविसाव्या वर्षी गळकं क्वार्टर सोसतं माणसाला.

उलट बाजूही आहे. ज्याला कायमची सरकारी नोकरी आवडते त्याला पीजीला जाताना फायदा होतो. सेवेतल्या मेडिकल ऑफिसरांसाठी राज्याने पीजीच्या २० टक्के जागा ठेवायचा निर्णय २०२२ मध्ये घेतला, आणि दुर्गम भागातल्या सेवेचे वाढीव गुण, वर्षाला १० टक्के आणि जास्तीत जास्त ३० टक्के, राज्यांना देता येतात. फक्त हे सेवेत असलेल्यांसाठी आहे. बॉण्डचं एक वर्ष केलं की आपोआप मिळेल असं धरून चालू नका.

फौजी रस्ता

पुण्याचं एएफएमसी, म्हणजे सशस्त्र दलांचं वैद्यकीय महाविद्यालय, १९४८ पासूनचं. इथे शिक्षण, राहणं, खाणं सरकारी खर्चाने. १५० जागांमधल्या १४५ आपल्या पोरांसाठी, ११५ मुलगे आणि ३० मुली, बाकी पाच मित्रदेशांना. नीटचे मार्क तर लागतातच, त्यानंतर इंग्रजी आणि तर्कशक्तीची वेगळी परीक्षा, मुलाखत, मेडिकल तपासणी, आणि अट अशी की उमेदवार अविवाहित हवा.

बदल्यात सैन्यात अधिकारी म्हणून सेवा. काहींना परमनंट कमिशन मिळतं, म्हणजे पूर्ण करिअरच तिथे, आणि काहींना शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे सात वर्षं. सोडून जायचं तर बॉण्डची रक्कम साठ लाखांच्या वर. डोंबिवलीचा एक पालक मला म्हणाला होता, "फुकट एमबीबीएस आहे, करून घेऊ, पुढचं पुढे बघू." असं करू नका. पोराला युनिफॉर्म, बदल्या आणि शिस्त खरंच हवी असेल तर यासारखी दुसरी संधी नाही. पैसे वाचवायला म्हणून गेलेला पोरगा सात वर्षं कॅलेंडर मोजत काढतो.

"आमची फी माफ आहे, मग बॉण्ड कशाला?"

जुलै २०२४ पासून आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची फी राज्य सरकार पूर्ण भरतं, इतर शिष्यवृत्त्या आहेतच. पण फीमाफी आणि बॉण्ड हे दोन वेगळे कप्पे आहेत. बॉण्ड तुम्ही भरलेल्या लाख-दीड लाखासाठी नाही, सरकारने त्यावर घातलेल्या उरलेल्या खर्चासाठी आहे. फी शून्य झाली की सरकारचा खर्च वाढला, कमी नाही झाला. उलट प्रायव्हेट कॉलेजात सरकारी फीसवलत घेत असाल तर तिच्यासोबत काही अट येते का हे माहितीपुस्तिकेत डोळ्यात तेल घालून बघा.

सही करण्याआधी

बॉण्ड साध्या कागदावर होत नाही, स्टॅम्प पेपरवर होतो. घरात पडलेला शंभरचा स्टॅम्प पेपर घेऊन येऊ नका, ऑक्टोबर २०२४ पासून शंभरऐवजी पाचशेचा लागतो. कोर्टनाक्याला टायपिस्टकडे जुना नमुना तयार असतो, "मॅडम सगळे हाच घेतात" म्हणून तो पुढे सरकवतो. तो घेऊ नका. त्या वर्षीच्या सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेत दिलेला मजकूर शब्दन्‌शब्द तोच टाईप करायला सांगा, कारण पाच वर्षांनी वाद झाला तर तुमच्या सहीखाली जे छापलंय तेच धरलं जाणार. तीन गोष्टी वाचा: सेवा किती आणि कधीपासून मोजणार, दंडाची रक्कम आणि त्यावर व्याज आहे का, आणि अर्धवट सोडली तर काय. मग रंगीत स्कॅन करून मेलवर ठेवा. इंटर्नशिपनंतर कार्यमुक्तीचं पत्र, जॉईनिंगची तारीख असलेलं पत्र आणि सेवा पूर्ण झाल्याचा दाखला, हे तिन्ही हातात पडल्याशिवाय बॉण्ड संपला असं समजू नका. एक दिवस कमी भरला म्हणून फेऱ्या मारणारे डॉक्टर आहेत.

राहता राहिला जामीनदार. बॉण्डवर पालकाची सही लागते आणि जिथे मागितलाय तिथे जामीनदाराचीही, आणि मग एखादा काका नाहीतर मामा "करतो की सही, त्यात काय" म्हणत पेन काढतो. काकांना आधी सांगा की पोराने सेवा केली नाही आणि दंडही भरला नाही तर वसुलीची नोटीस त्यांच्या पत्त्यावर जाऊ शकते. हे ऐकूनही सही करणारा काका मिळाला तर उत्तम, आणि नाही मिळाला तर त्याच्यावर रुसू नका, कागद वाचणारा घरात तो एकटाच निघाला.